ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या कार्यशाळांचा खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की सातारा जिल्ह्यातल्या एका 'ब' वर्ग (हा अनुदानासाठीचा सरकारी दर्जा) वाचनालयात नुकत्याच निर्गम सहायक, म्हणजे पुस्तकांची देवघेव बघणाऱ्या, म्हणून लागलात, तीन दिवसांच्या कार्यशाळेचं पत्र आलंय, फी आणि एसटीचं भाडं तुमच्याच खिशातून जाणार, आणि वाचनालय चालवणाऱ्या मंडळाचे कार्यवाह विचारतात, "जाऊन करणार काय?"

जा. का ते सांगते, जरा लांबेल.

मी सांगलीत एका वाचनालयात बावीस वर्षं आहे. २०१७ साली मलाही असंच पत्र आलं होतं. आमचे तेव्हाचे कार्यवाह निवृत्त मुख्याध्यापक, आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. सरांनी पत्र उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "तिथं जेवण चांगलं असतं, बाकी काही नाही." रजा दिली, पण बिनपगारी. तेव्हा माझा पगार महिना साडेचार हजार. म्हणजे तीन दिवसांचे साडेचारशे गेले, फी वेगळी. हा आकडा मी विसरलेली नाही, पुढे परत येईल.

पहिला दिवस वाया गेला, हे मीच कबूल करते. दीपप्रज्वलन, सत्कार, सत्काराला उत्तर, मग 'बदलत्या युगातील ग्रंथपाल' या विषयावर न संपणाऱ्या स्लाइडी. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांचे पाच नियम तीन वक्त्यांनी तीनदा सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव संगणकावर करायचं कोहा दाखवलं. सॉफ्टवेअर चांगलं आहे, फुकट आहे, पण आमच्याकडे तेव्हा एकच संगणक होता आणि त्यावर सरांचा पत्रव्यवहार टाइप व्हायचा. दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद, हातानंच चालायची.

मग जेवणानंतर एक निवृत्त गृहस्थ बादली घेऊन आले. आयुष्यभर जुन्या कागदपत्रांची डागडुजी केलेला माणूस. ना माइक, ना स्लाइड. एक जुनी कादंबरी आणि एक गुळगुळीत कागदाचं मासिक, दोन्ही बादलीत बुडवली आणि खिडकीत वाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं वाटायच्या आधी मला पुढं बोलावून म्हणाले, "बाई, उघडा." कादंबरी उघडली. पानं लाटा आल्यासारखी झाली होती, पण वाचता येत होती. मासिक उघडेना. नखानं कोपरा सोडवायला गेले तर वरच्या पानाचा छापील पापुद्रा निघून खालच्या पानावर चिकटून राहिला. अशा गुळगुळीत कागदावर, म्हणजे आर्ट पेपरवर, मातीसारखा लेप असतो, तो भिजला की सुटतो आणि वाळताना सरसासारखा धरतो. म्हणून असं पुस्तक वाळू द्यायचंच नाही, ओलंच पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचं आणि सवडीनं थोडी थोडी काढून पान पान सोडवायचं. चाळीस मिनिटांत एवढंच शिकवलं त्यांनी.

२०१९ च्या ऑगस्टमधला सांगलीचा पूर तुम्हाला सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती. त्या खुणेच्या वरच्या फळ्यांवर आम्ही निवडक पुस्तकं ठेवली होती आणि निर्धास्त होतो. पाणी तिच्याही तीन-चार फूट वर चढलं. म्हणजे जी जपून ठेवली होती नेमकी तीच बुडाली. १२ ऑगस्ट हा ग्रंथपाल दिन. त्या दिवशी मी मिरजेला बहिणीकडे होते आणि आमची कपाटं पाण्यात होती.

पाणी ओसरल्यावर आत गेलो तेव्हा पुस्तकं फुगून फळ्यांत अशी घट्ट बसली होती की ओढून निघेनात, कपाटाच्या बाजूच्या फळ्या ठोकून काढाव्या लागल्या. घोटाभर चिखल, आणि तो वास. आठवडाभर ऊन नव्हतं, ते त्याच दिवशी पडलं. सर म्हणाले, "सगळी गच्चीवर टाका." मी म्हटलं, "सर, गुळगुळीत कागदाची तेवढी टाकू नका." मग काय करायचं, तर मी म्हटलं, थंडीत ठेवू. एवढी पुस्तकं मावतील असा फ्रीझर कुणाकडे नव्हता आणि गावात वीजही धड नव्हती. पण कुपवाडच्या बाजूला बेदाण्याचं एक कोल्ड स्टोरेज आहे, तिथं माझा मावसभाऊ कामाला. सर चिखलात उभे राहून हसले. "पुस्तकं म्हणजे काय बेदाणे आहेत का?"

सगळ्यांच्या देखत म्हणाले. हे मला आजही लागतं.

गच्चीवर दोन दिवसांत काय झालं ते सांगते. कादंबऱ्या वाकड्यातिकड्या का होईना, वाळल्या. चित्रांच्या, छायाचित्रांच्या, कलेच्या पुस्तकांच्या विटा झाल्या. अक्षरशः विटा, एकमेकींवर आपटल्या तर आवाज यायचा. त्यातली एक अजून आमच्या मागच्या दाराला लावलेली आहे, वाऱ्यानं दार आपटतं म्हणून.

मी मात्र पहिल्याच दुपारी, सर घरी जेवायला गेले तेव्हा, ४१ पुस्तकं बाजूला काढली होती. मिटलेलीच ठेवून स्वच्छ पाण्यात चिखल धुतला, दुहेरी पिशव्यांत बांधली, द्राक्षाच्या क्रेटमध्ये उभी लावली आणि भावाच्या टेम्पोतून पाठवून दिली. तिथं बर्फ होण्याइतकी थंडी नसते, त्यामुळे बुरशी पूर्ण थांबत नाही, पण सावकाश धरते. नाहीतर पाण्यातून बाहेर काढलेलं पुस्तक दोन-तीन दिवसांत पांढरं व्हायला लागतं. मग पंधरा दिवस, एका वेळी सात-आठ आणायची, पंख्याखाली बसायचं आणि पानामागं पान सोडवून मध्ये बटर पेपर सरकवायचा. ४१ पैकी २९ वाचली. बाराचं निर्लेखन करावं लागलं, म्हणजे ती नोंदवहीतून कायमची काढून टाकली. त्या साडेचारशे रुपयांत २९ पुस्तकं, हिशोब तुम्हीच करा.

पुढच्या वार्षिक अहवालात छापून आलं की 'कार्यवाहांच्या मार्गदर्शनाखाली मौल्यवान ग्रंथ वाचवण्यात यश आले'. माझं नाव कर्मचाऱ्यांच्या आभारात, शिपायाच्या वरच्या ओळीत.

तुमचा दुसरा प्रश्न, कार्यशाळा निवडायची कशी. आधी वेळापत्रक मागवा. त्यात 'प्रात्यक्षिक' शब्द आहे का आणि त्याला किती वेळ दिलाय ते बघा. सगळी नुसती व्याख्यानं असतील तर घरी बसा. कोहा किंवा ई-ग्रंथालय या तसल्याच सॉफ्टवेअरची कार्यशाळा तुमच्याकडे संगणक असेल आणि तो तुम्हाला हात लावू देत असतील तरच करा, परत येऊन महिन्याच्या आत वापरलं नाही तर सगळं विसरायला होतं. पुस्तकांच्या वर्गीकरणाची चांगली मिळाली तर सोडू नका. आपल्याकडे सगळी मराठी पुस्तकं ८९१.४६ या मराठी साहित्याच्या एकाच वर्गांकात कोंबून मोकळे होतात आणि मग नाटक कुठं, कविता कुठं ते वाचकच आपल्याला सांगतात. ग्रंथालयशास्त्राच्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची गोष्ट वेगळी. तो नसेल झाला तर कार्यशाळा बाजूला ठेवून आधी तो करा.

पगार वाढेल का, असंही विचारलंय. नाही. महाविद्यालयातल्या ग्रंथपालांना पदोन्नतीसाठी रिफ्रेशर कोर्स लागतो, म्हणून तिथं कुणी 'जाऊन करणार काय' विचारत नाही. आपल्याला तसलं काही नाही. २०२२-२३ मध्ये वाचनालयांचं सरकारी अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं तेव्हा थोडं हातात पडलं, ते काही प्रमाणपत्रं बघून नव्हे.

एक मात्र सांगायला हवं. सर अगदीच चुकले नव्हते. हजारो पुस्तकं आणि सहा माणसं असताना पहिल्या दिवशी 'गच्चीवर टाका' हेच कुणीही म्हटलं असतं, आणि सत्तरीत ते स्वतः चिखलात उतरून पाट्या उचलत होते. शिवाय माझ्या भावानं मालकाला न विचारता क्रेट आत ठेवल्या, हे बरोबर नव्हतं. बेदाण्याला वास लागला असता तर त्याची नोकरी गेली असती. तुम्ही असं करू नका, आधी विचारा.

पण रजेचं मी सोडणार नाही. तुम्ही कार्यवाहांकडून ते तीन दिवस कामावरच धरल्याचं पत्र लेखी घ्या, तोंडी नको. पत्र आयोजकांकडून आलंय, त्याची प्रत जोडून अर्ज करा आणि पोचेवर सही घ्या. तरीही बिनपगारीच जावं लागलं तर जा. सोबत जुनी वही न्या, आणि घरचा डबाही. सर म्हणायचे तितकं काही तिथलं जेवण चांगलं नसतं.