मठाला किल्ल्यासारखे दार कशासाठी?

प्रश्न : इंग्लंडमधील थॉर्नटन अ‍ॅबी या मठाच्या प्रवेशद्वाराचे छायाचित्र पाहिले. धर्मसाधकांच्या मठाला बुरूज आणि चर्या (तटाच्या माथ्यावरचे दंतूर कठडे) कशासाठी लागल्या? मठ ढासळला, पण दार मात्र कसे टिकले? अशा वास्तूची डागडुजी सिमेंटने केली तर काय बिघडते?

उत्तर : लिंकनशायरमधील हा ऑगस्टिनियन (संत ऑगस्टीनचे नियम पाळणाऱ्या ख्रिस्ती साधकांचा) मठ ११३९ मध्ये स्थापन झाला आणि लोकरीच्या व्यापारावर श्रीमंत झाला. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेल्या त्याच्या प्रवेशद्वारात विटांचा फार मोठा वापर आहे, आणि त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही नवलाईच होती. चर्या बांधण्याचा राजपरवाना १३८२ चा, म्हणजे इंग्लंडमधील १३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावानंतर अवघ्या वर्षभरातला. मठ हे जमीनदारही होते, त्यामुळे भीती निराधार नव्हती. इंग्लंडमधीलच बरी सेंट एडमंड्स या नगरात १३२७ मध्ये नगरवासीयांनी मठावर चाल करून त्याचे दार उद्ध्वस्त केले होते. तरीही थॉर्नटनच्या दर्शनी बाजूवरील कोनाडे आणि मूर्ती पाहिल्या की, संरक्षणाइतकीच मठाधिपतींची प्रतिष्ठा मिरवण्याची इच्छाही त्यामागे होती, असे मला वाटते.

राजा आठव्या हेन्रीने इंग्लंडमधील मठ बंद केले, तेव्हा १५३९ मध्ये हा मठही बरखास्त झाला. अशा मठांच्या चर्चची छपरे शिशासाठी उतरवली जात आणि दगड इतर बांधकामांसाठी नेले जात. प्रवेशद्वारे मात्र राहण्यासाठी किंवा कोठारासाठी उपयोगी पडत, म्हणून अनेक ठिकाणी तीच वाचली.

सिमेंटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुनी वीट आणि चुनखडीचा दगड ओल शोषतात, आणि मऊ चुन्याने भरलेल्या दरजांतून (विटा-दगडांमधल्या सांध्यांतून) ती ओल पुन्हा बाहेर पडते. त्याच दरजा कठीण सिमेंटने बुजवल्या की पाणी विटेतूनच वाट काढते. तिथे क्षारांचे स्फटिक साचतात, थंडीत पाणी गोठून सुमारे नऊ टक्के फुगते आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. अशा भिंतीत सिमेंटच्या रेषा जशाच्या तशा उठून दिसतात आणि त्यांच्यामधली वीट खोल झिजलेली असते. म्हणून जाणकार गवंडी आधी वीट न दुखावता हाताने सिमेंट काढतात, मग मूळ मिश्रणाशी जुळणारा चुना दरजांत दाबून भरतात आणि तो झटकन सुकू नये म्हणून ओल्या गोणपाटाने झाकून ठेवतात.

झिजलेल्या मूर्तींच्या जागी नव्या घडवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हरवलेला चेहरा अंदाजाने कोरला, तर मूळ कारागिराच्या छिन्नीची उरलेली खूणही पुसली जाते.