कुकर परत मागवलाय, मावशींना देऊन टाकू का?

प्रश्न : ताई, मी भांडुपला राहते. मागच्या दिवाळीच्या सेलमध्ये ऑनलाइन ५ लिटरचा कुकर घेतला, आजपर्यंत काहीच तक्रार नाही. परवा अचानक मेसेज आला की हा कुकर वापरू नका, आयएसआय नाहीये, परत करा, पैसे मिळतील, खाली लिंक. खरं धरायचं का हे? बिल तर कुठे गेलं माहीत नाही. सासूबाई म्हणतात एवढा चांगला कुकर परत कशाला करतेस, कामाच्या मावशींना दे, त्या अजून पातेल्यातच डाळ शिजवतात. आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तोच कुकर तेव्हाच घेतलाय, त्यांना मेसेजच नाही.
– एक वाचक, भांडुप

उत्तर : सगळ्यात आधी मावशींचं सांगते, कारण बाकीचं सगळं उद्या केलं तरी चालेल. नका देऊ. सासूबाईंचा हेतू चांगलाच आहे, पण तुमच्या ओट्यावर जो धोका तोच त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत, आणि तिथे शेगडीच्या जवळच पोरं अभ्यासाला बसलेली असतात.

"काहीच तक्रार नाही" म्हणता ना, कुकरचं तसंच असतं. आत वाफ दाबून ठेवलेली असते, पाणी १०० च्या वर साधारण १२० डिग्रीपर्यंत जातं, म्हणून तर डाळ पटकन शिजते. शिट्टीच्या नळीत एखाद दिवशी डाळीचा फेस किंवा साल अडकली की वाफेला वाट उरत नाही, तेव्हा झाकणावरचा तो छोटा सेफ्टी वॉल्व वितळून वाफ सोडतो. तो वेळेवर वितळला तर नुसता ओटा खराब होतो, नाही वितळला तर काय होतं ते सांगायला नको. म्हणजे वॉल्व चांगला की वाईट हे कळणार त्याच दिवशी, रोजच्या भातावरून नाही. नवीन रिंग किंवा वॉल्व बसवून भागेल असंही समजू नका, झाकण आणि पत्राच कसोटीला उतरलाय का ते आपल्याला घरी कळत नाही.

१ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला आयएसआय सक्तीचं आहे. मार्कच्या वर आयएस २३४७ आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये (आयएसआय मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेचं अ‍ॅप) टाकून बघा, कंपनीचं नाव जुळायला हवं. नुसता मार्क कोणीही छापतो. असे कुकर परत मागवणं नवीन नाहीये, ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका मोठ्या ऑनलाइन कंपनीला २,२६५ कुकर परत घेऊन पैसे द्यायचा आदेश काढला होता, कंपनी त्यावर कोर्टात गेली ती गोष्ट वेगळी.

मेसेज खरा असू शकतो, पण त्या लिंकला हात लावू नका. जिथून घेतला ते अ‍ॅप स्वतः उघडा, जुन्या ऑर्डरी काढा, तिथेच सूचना दिसेल आणि बिलही डाउनलोड होईल, ते नसलं तरी बँकेच्या पासबुकातली नोंद असते. पैसे परत मिळायला ओटीपी किंवा यूपीआय पिन लागत नाही, मागितला की फोन ठेवा. अ‍ॅपवाले टाळाटाळ करायला लागले तर १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं. तिथे मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत २ वर्षं, वकील नसला तरी चालतं.

परत न्यायला कोणी येईपर्यंत शिट्टी आणि रिंग काढून वेगळी ठेवा म्हणजे घरात कोणी चुकून लावणार नाही. आणि कंपनीने नेलाच नाही, पैसे देऊन गप्प बसली, तर भंगारवाल्याला तसाच देऊ नका, तो पुढे विकला जातो. आधी झाकणाला खिळ्याने भोक पाडा.

आणि हो, वहिनींकडे आजच जा, संध्याकाळचा कुकर लावायच्या आत. नंबर बदलला असेल किंवा दुसऱ्याच्या खात्यावरून मागवला असेल, तर मेसेज त्यांना येणारच नाही.