एका गटाला दोन तलाठी

प्रश्न : आमच्या वाचनालयाची अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात. ऑफिसमधे इंटरनेटवाल्याचा राउटर आहे आणि आम्ही वर्गणी काढून हॉलमधे एक आणि वरच्या मजल्यावर एक असे दोन वायफायचे डबे बसवले, ऑफिसातूनच केबल ओढली. नाव, पासवर्ड तिन्हीकडे सेम ठेवलाय. पण कधीकधी मोबाईल कनेक्ट होतो, रेंज फुल दाखवतो आणि नेट काही चालत नाही, शेजारच्याचं मात्र मस्त चालू असतं. वायफायवाला म्हणतो डबा खराब आहे, बदला. बदलू का? – बार्शीहून एक वाचक

उत्तर : नका बदलू हो, वर्गणीचे पैसे आहेत ते. डबा खराब असता तर सगळ्यांचंच बंद पडलं असतं. तुमच्याकडे मला वाटतं एकाच गटाचा सातबारा दोन तलाठी वाटतायत.

म्हणजे बघा, मोबाईल वायफायला जोडला की तो आधी ओरडून विचारतो, मला पत्ता कोण देतंय? हा आयपी पत्ता वाटायचं काम म्हणजे डीएचसीपी. तुमच्या ऑफिसचा राउटर ते करतोच, पण दुकानातून आणलेल्या डब्यातसुद्धा ते चालूच येतं कारण तो डबा स्वतःला राउटर समजतो. ओरडणं सगळ्या केबलभर ऐकू जातं, मग दोघंतिघं उत्तर देतात आणि मोबाईल बहुतेक वेळा ज्याचं उत्तर आधी आलं त्याचा पत्ता घेतो. ऑफिसच्या राउटरने दिला तर नेट चालतं. वरच्या डब्याने दिला तर तो पत्त्यासोबत सांगतो की बाहेर जायचा दरवाजा मीच, आणि त्याच्याकडे दरवाजाच नाही! म्हणून शेजारच्याचं चालतं आणि तुमचं नाही. गंमत म्हणजे ऑफिसच्या वायफायवर बसलेल्या पोराला पण वरच्या डब्याचा चुकीचा पत्ता मिळू शकतो, त्यामुळे दोष कुठल्या डब्याचा ते बसल्या जागेवरून कळतच नाही.

खात्री करायची असेल तर नेट न चालणारा एक मोबाईल घ्या, वायफायच्या नावाशेजारचं चाकाचं चिन्ह दाबा आणि आयपी अ‍ॅड्रेस आणि गेटवे (तोच बाहेर जायचा दरवाजा) वाचा, मग शेजारच्या चालू मोबाईलवर वाचा. एकाचा गेटवे १९२.१६८.१.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.१ असं काही दिसलं की चोर सापडला. ऑफिसच्या राउटरला आणि डब्याला कारखान्यातून एकच पत्ता आलेला असेल तर आकडे सारखेच दिसतील आणि मग अजूनच घोळ, कारण एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं.

आता करायचं काय. प्रत्येक डबा वेगवेगळा घ्यायचा, एकदम दोन नाही. वरच्या डब्याची ऑफिसकडून आलेली केबल काढा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि छोट्या केबलने लॅपटॉप थेट त्या डब्याला जोडा. डब्याच्या खाली चिकटवलेल्या कागदावर पत्ता असतो तो ब्राउझरमधे टाका, लॉगिन करा, लॅन सेटिंगमधे जा. आधी डब्याचा स्वतःचा पत्ता बदलायचा. ऑफिसचा राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, हॉलमधल्याला .३. सेव्ह केलं की पान फिरत बसेल आणि उघडणारच नाही, इथे निम्मे लोक घाबरून मागचं रिसेटचं बटण दाबतात आणि सगळं पहिल्यापासून! काही बिघडलेलं नसतं, घर बदललंय म्हणून जुन्या पत्त्यावर कोणी दार उघडत नाही एवढंच. केबल काढून परत लावा आणि नवीन पत्ता टाका. मग डीएचसीपी बंद करा. हा क्रम उलटा केलात, म्हणजे डीएचसीपी आधी बंद केलं, तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही, तो १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी आकडा स्वतःच लावून बसतो, मग लॅपटॉपला हाताने पत्ता द्यावा लागतो. होतं ते पण, पण उगाच डोक्याला ताप.

त्याच पानावर गेटवे आणि डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा) जागा असतील तर दोन्हीत ऑफिसच्या राउटरचा पत्ता भरा. लोक म्हणतात डब्याला कशाला हवंय नेट, पण त्याला घड्याळ लावायला आणि अपडेट बघायला लागतं ना. नंतर ऑफिसची केबल परत लावायची, ती लॅनच्या भोकात, वॅनच्या (बाहेरून नेट येतं त्या) नाही. काही डब्यांत अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (डबा फक्त वायफाय पसरवतो, पत्ते वाटत नाही) असं सरळ बटण असतं, ते दाबलं की बरंचसं आपोआप होतं, फक्त मग तो स्वतःचा पत्ता ऑफिसच्या राउटरकडून घेतो आणि पुढच्या वेळी त्याचं पान कुठे उघडायचं ते शोधत बसावं लागतं, म्हणून राउटरमधे त्या डब्याच्या नावाने एक पत्ता राखून ठेवा.

राहिला ऑफिसचा राउटर. तो पत्ते वाटतो त्यातून .२ आणि .३ वगळा, वाटप .५० पासून सुरू करा, नाहीतर एखाद्या पोराच्या मोबाईलला नेमका डब्याचाच पत्ता जायचा. आणि पत्ता किती वेळासाठी द्यायचा ते पण तिथेच असतं, बऱ्याच राउटरमधे २४ तास. अभ्यासिकेत सकाळची बॅच वेगळी, संध्याकाळची वेगळी. समजा पत्ते १०० ठेवलेत आणि दिवसभरात १२० मोबाईल आले तर सकाळी येऊन गेलेले २४ तास पत्ते अडवून ठेवणार आणि संध्याकाळच्या पोरांना मिळणार नाहीत. २ तास करा. बसून राहिलेल्याचं काही अडत नाही, मुदत निम्मी झाली की मोबाईल गुपचूप वाढवून घेतो.

प्रश्न : आमच्या मुलींच्या वसतिगृहात चार अ‍ॅक्सेस पॉइंट आहेत. रात्री ११ ला वायफाय बंद आणि पहाटे ५ ला चालू असं प्रत्येकावर सेट केलंय. तीन नीट चालतात, चौथा मात्र पहाटे साडेचारला बंद होतो आणि सकाळी साडेदहाला चालू. मुली खूश आहेत, रेक्टर नाहीत. – रत्नागिरी

उत्तर : मुलींनी तो डबा ओळखून ठेवला असणार, खोल्या बदलून मागितल्या का कुणी? तुमचा चौथा डबा बरोब्बर साडेपाच तास उशिरा चालतोय, म्हणजे तो अजून ग्रीनिचच्या वेळेत आहे. त्याचे ११ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार. टाइम झोनमधे +५:३० निवडा, झालं.

पण तेवढ्यावर थांबू नका. या डब्यांत सहसा सेलवर चालणारं घड्याळ नसतं, लाइट गेली की ते वेळ विसरतात, आणि कोकणात पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते मी तुम्हाला सांगायला नको. परत चालू झाल्यावर ते एनटीपी नावाच्या सेवेकडून वेळ विचारून घेतात. गेटवे किंवा डीएनएस रिकामं असेल तर त्यांचा आवाज बाहेर पोचतच नाही आणि मग काही डबे १९७० साल धरून बसतात. तेव्हा चारही डब्यांची पानं उघडा आणि सध्याची वेळ काय दाखवतायत ते नुसतं वाचा. वेळ कुणाकडून घ्यायची त्या रकान्यात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा सर्व्हर टाकता येतो, टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी, इंग्रजी अक्षरांत. चौघांना एकच टाका.

हे मी इतकं ताणून सांगतोय कारण उद्या काही तक्रार झाली, कुणाच्या नावाने कुणी मेसेज पाठवला वगैरे, तर पोलीस विचारणार किती वाजता कुठला मोबाईल कुठे जोडलेला होता. घड्याळ साडेपाच तास चुकलं तर नोंदी भलत्याच मुलीकडे बोट दाखवतील. सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेने, एप्रिल २०२२ मधे कंपन्यांना आणि सरकारी संस्थांना नोंदी १८० दिवस जपायला आणि घड्याळं एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा या प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलंय. डब्याच्या पोटातल्या नोंदी लाइट गेली की बहुतेक पुसल्याच जातात, म्हणून सिसलॉग (नोंदी दुसऱ्या कॉम्प्युटरकडे पाठवायची सोय) नावाचा रकाना असतो तिथे ऑफिसच्या कॉम्प्युटरचा पत्ता भरा, पोर्ट ५१४, आणि त्या कॉम्प्युटरवर नोंदी घेणारं सॉफ्टवेअर टाकून घ्या. ते नसेल तर डबा बिचारा भिंतीशी बोलत राहतो.

प्रश्न : सोसायटीत १४ अ‍ॅक्सेस पॉइंट आहेत, सगळे एका कंट्रोलरवर. क्लबहाउसच्या एकाचंच टेलनेट आणि एसएनएमपी मी त्याच्यात शिरून बंद केलं, दोन दिवसांनी परत चालू! भूत आहे का? – पुणे

उत्तर : भूत नाही, कंट्रोलर आहे, सगळ्या डब्यांच्या सेटिंग एका जागेवरून सांभाळणारा. डब्यात शिरून तुम्ही जे बदलता ते कंट्रोलरच्या वहीत नसतं, आणि पुढच्या वेळी डबा रीस्टार्ट झाला किंवा कुणी कंट्रोलरवर काहीही सेव्ह केलं की तो आपल्या वहीतलं परत लिहून टाकतो. कंट्रोलरमधेच त्या एका डब्याचं पान उघडा, तिथे एका डब्यापुरतं वेगळं ठेवायची सोय बहुधा मिळेल. पण मी म्हणतो एकाचंच का, चौदाही डब्यांचं टेलनेट (लांबून डब्यात शिरायची जुनी वाट) बंद करा, त्यात पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. एसएनएमपी (डब्याची तब्येत लांबून बघायची सोय) कुणी बघत नसेल तर तेही बंद, आणि ठेवायचंच असेल तर त्याचा परवलीचा शब्द सहसा पब्लिक असा असतो तो आधी बदला. एसएसएच (टेलनेटचंच काम, पण बंद पाकिटातून) राहू द्या, कंट्रोलर कधी बंद पडला तर तेवढीच एक मागची खिडकी उरते.