नोकरी नावडती असेल तर

"रविवारची संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो." हे वाक्य समुपदेशक म्हणून मी इतक्यांदा ऐकते की म्हणणाऱ्यांपैकी एकाची गोष्ट सांगावीशी वाटली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

गृहस्थ चाळिशीचे, सरकारी बँकेत अधिकारी. घराचे हप्ते चालू, मुलगी नववीत. राजीनाम्याचा मसुदा मोबाइलमध्ये तयार. रोज सकाळी तो उघडायचा, एखादा शब्द बदलायचा आणि बँकेत जायचं.

"नेमकं काय आवडत नाही?"

"सगळंच."

'सगळंच' म्हणणाऱ्याला मी आठवडाभर नोंदी करायला सांगते. चिडचिड कधी झाली, कशानं झाली, एवढंच. नोव्हेंबर होता, काउंटरवर हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची गर्दी. त्या गर्दीबद्दल वहीत चकार शब्द नव्हता. कर्जाच्या फायलींबद्दलही नाही. होतं ते विम्याचं टार्गेट आणि संध्याकाळचा आढाव्याचा कॉल.

वही वाचूनही त्यांचा हेका कायम. "पण मॅडम, काम आवडायलाच हवं ना?"

"तुमच्या वडिलांना त्यांचं आवडायचं?"

वडील एसटीत ड्रायव्हर होते. "त्यांना कुणी विचारलंच नाही. ड्यूटी संपली की पखवाज घेऊन भजनाला." मग बराच वेळ गप्प. मीही मध्ये बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकानं तोंड आवरावं. शेवटी तेच म्हणाले, "माझी ड्यूटी संपतच नाही. घरी जेवतानाही मी साहेबांशी भांडत असतो."

हे त्यांचं त्यांना सापडलं, याचं मला आजही समाधान आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीनं मी काम करते. ती सांगते, काम आवडावं ही इच्छा रास्त, पण ते आवडलंच पाहिजे हा हट्ट. नोकरीचा त्रास ऑफिसच्या वेळेपुरता असतो, हट्टाचा चोवीस तास.

नावडत्या नोकरीत मार्ग तीनच. बदलता येईल ते बदला, बदलणार नसेल ते ठरावीक मुदतीपुरतं नावडतं म्हणूनच सोसा, नाहीतर तयारीनिशी सोडा. बहुतेक जण यातलं काहीच न निवडता कुढत राहतात. जिथे छळ होतो किंवा खोट्या सह्या करायला लावतात, तिथे मात्र सोसा असं मी कधीच सांगत नाही. आणि हप्ते असतील तर सोडण्याआधी निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा.

त्यांनी मुलीच्या दहावीपर्यंतची मुदत ठरवली. कर्ज विभाग मागून घेतला. म्हाताऱ्या माणसांच्या ठेवी मोडून विमा विकणार नाही, हे मॅनेजरना तोंडावर सांगितलं. मॅनेजर कुरकुरले, पण काही महिन्यांनी विभाग मिळाला. टार्गेट सुटलं नाही आणि ते त्यांना आजही आवडत नाही. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी असते, तेव्हा सध्या सीएआयआयबी या बँक अधिकाऱ्यांच्या परीक्षेचा अभ्यास चालतो.