लग्नातला हार रेझिनमध्ये जपायचाय, जसाच्या तसा राहील का?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात लग्न आहे, हार निशिगंध आणि लाल गुलाबाचे आहेत आणि ते रेझिनच्या (ओतल्यावर काचेसारखं कडक होणाऱ्या पारदर्शक द्रवाच्या) फ्रेममध्ये जसेच्या तसे हवेत. तर 'जसेच्या तसे' हे आधी डोक्यातून काढा. लाल गुलाब सुकला की मरून होतो, कधीकधी जवळजवळ काळा, आणि निशिगंधाचा पांढरा रंग फार तर सायीसारखा राहतो, नाहीतर सरळ तपकिरी. इन्स्टावर दिसतात ते फोटो बहुतेक फ्रेम नवीकोरी असतानाचे असतात.

माझा स्वतःचा घोळ सांगते. लग्नानंतर आमचे दोन्ही हार मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवले, वाटलं ताजे राहतील. पूजा, गोंधळ, पाहुणे, सगळं आटपून पाचव्या दिवशी पिशवी उघडली तर आत पाणी सुटलेलं आणि निशिगंधाचा नुसता चिखल. सासूबाई म्हणाल्या, "अगं निर्माल्यात टाक, सुकलेली फुलं घरात ठेवत नाहीत." मी त्यातले सातआठ बरे गुलाब वेचले, दोन दिवस पंख्याखाली ठेवले आणि घाईघाईत रेझिनमध्ये ओतून मोकळी झाले. महिनाभरात आतल्या आत प्रत्येक फुलाभोवती तपकिरी डाग आणि बुडबुडे. आता ते काढताही येत नाही, पेपरवेट म्हणून वापरते.

म्हणजे सगळा खेळ ओलाव्याचा आहे. लग्नाच्या दिवशीच एखाद्या बहिणीला किंवा मैत्रिणीला फुलं सुकवायला घालायचं काम देऊन ठेवा, कारण तुम्हाला त्या दिवशी सुधरणार नाही. अख्खा हार सुकवायच्या भानगडीत पडू नका, दोरा कापून त्यातली चांगली दहापंधरा फुलं निवडा, हारात झेंडू शेवंती असेल तर ती आवर्जून घ्या, ती मस्त सुकतात. फुलं सुकवायची सिलिका जेल (ओलावा शोषून घेणारे दाणे) ऑनलाइन मिळते, साखरेसारखी बारीक असते (बुटांच्या खोक्यातल्या पुड्यांचे गोळे चालत नाहीत, पाकळीवर वळ उठतात). घट्ट झाकणाच्या डब्यात तळाला बोटभर थर, त्यावर फूल तोंड वर करून, मग चमच्याने हळूहळू पाकळ्यांच्या मधे मधे सोडत फूल पूर्ण बुडवायचं. एकदम ओतलीत तर फूल चपटं होतं. गुलाबाला साधारण आठवडा लागतो, निशिगंधाची पाकळी जाड, मांसल, त्याला त्याहून जास्त.

झालं की नाही ते कसं कळणार? पाकळी कुरडईसारखी कुडकुडीत लागली पाहिजे, पण देठाजवळचा गाठीसारखा भाग फसवतो, बाहेरून कोरडा आणि आत ओला. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर फूल आज तोला, परत सिलिकात ठेवून दोन दिवसांनी तोला, वजन उतरत असेल तर अजून पाणी आहे. माझी दुसरी खेप याच युक्तीने जमली.

रेझिन स्वतः करणार असाल तर रेझिन आणि हार्डनरचं (रेझिन घट्ट करणाऱ्या दुसऱ्या द्रवाचं) प्रमाण बाटलीवर दिलंय तेच, अंदाजपंचे नाही, एका दमात जाड थर ओतू नका कारण ते तापतं, हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि शक्यतो भर पावसाळ्यात करू नका, दमट हवेत वरचा थर चिकट राहू शकतो. कोणाकडून करून घेणार असाल तर नवीन फ्रेमचे फोटो बघू नका, दोन वर्षांपूर्वीची फ्रेम आज कशी दिसते ते मागा. रेझिन कालांतराने पिवळं पडतंच, उन्हात लवकर, त्यामुळे फ्रेम खिडकीसमोर नको.

आणि गजऱ्यासाठी कुठे बकुळ मिळाली तर ती मात्र रेझिनमध्ये घालू नका हं. बकुळ नुसती सावलीत सुकवायची, सुती कापडात बांधून शालूच्या घडीत ठेवायची. रंग जातो, मातकट होते, पण वास राहतो. माझ्या आजीच्या ट्रंकेत अशी एक पुरचुंडी होती, ट्रंक उघडली की पलीकडच्या खोलीत कळायचं.