सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ? आधी क्रम उलटा करा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. रविवारी रात्री संभाजीनगरला मुक्काम, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ, आईचं वय ७२, गुडघे दुखतात, तर किती चालावं लागेल, असं तुम्ही विचारलंय. चालण्याचं सांगतोच. पण त्याआधी हे वाचा: अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. म्हणजे तुमच्या बेतात दोन्ही दिवस नेमके बंदचे आलेत. सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा करा, सगळं जागेवर येईल. हॉटेलही बदलायला नको, फक्त गाडीवाल्याला सांगायचं.

हा बेत तुम्हाला कुणी आखून दिला ते तुम्ही लिहिलेलं नाही. आम्हाला थेट असाच बेत एका सहल-कार्यालयाने छापील कागदावर, शिक्का मारून दिला होता. नाव घेत नाही. "सोमवारी काही बंद असतं का?" असं मी काउंटरवर मुद्दाम विचारलं होतं. "ते म्युझियमचं असतं हो, लेणी रोज उघडी," हे उत्तर मान वर न करता मिळालं. सोमवारी अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या तिठ्यावर पोचलो तेव्हा कळलं. परतताना फोन केला तर म्हणे, आमची जबाबदारी गाडी पोचवण्यापुरती, आत काय चालू आहे ते तुम्ही बघायचं. पैसे परत मिळाले नाहीत, त्याचं फार वाटलं नाही. पण माझे वडील चित्रकलेचे शिक्षक. वर्गात फळ्यावर पद्मपाणी (अजिंठ्याच्या १ नंबर लेण्यातलं बोधिसत्त्वाचं प्रसिद्ध चित्र) काढून दाखवण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली आणि प्रत्यक्ष भिंत त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांना तिथूनच परत आणावं लागलं. पुन्हा जमेपर्यंत मध्ये बराच काळ गेला, काचबिंदू वाढला. शेवटी १ नंबरच्या लेण्यात उभे राहिले तेव्हा त्या अंधुक उजेडात त्यांना रंगांचे डाग तेवढे दिसले. मी कानाशी वर्णन करत होतो, मुकुट असा आहे, हातात निळं कमळ आहे, आणि ते "हो, हो, मान अशी कललेली असेल" म्हणत होते. त्या काउंटरवरच्या माणसाला एक फोन करून खात्री करता आली असती. हा राग माझा अजून गेलेला नाही, म्हणून सूर चढला असेल तर समजून घ्या.

तेव्हा माझं स्पष्ट मत: वयस्कर माणसाला घेऊन जाताना "पुढच्या वेळी बघू" हे गृहीतच धरू नका. जे बघायचं ते पहिल्याच फेरीत, पहिल्या दोन तासांत. (बंदचे वार वर्षानुवर्षं हेच आहेत, तरी निघायच्या आदल्या दिवशी एकदा खात्री करा. नियम बदलले तर मला धरू नका.)

आता चालणं. अजिंठ्याला खासगी गाडी तिठ्यावरच ठेवावी लागते, तिथून साधारण चार किलोमीटर बसने जायचं. बसमधून उतरल्यावर पायऱ्यांचा चढ आहे आणि गुडघ्यांना खरा त्रास तिथेच. डोलीवाले असतात. आई "मला काय झालंय, चालेन मी" म्हणणार, सगळ्यांच्या आया म्हणतात. ऐकू नका, भाव आधी ठरवून डोली करा. गुडघ्यांना किती झेपेल ते मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारा, मी फक्त पाहिलेलं सांगतोय.

सगळी लेणी बघायचा हट्ट नको. १, २, १६ आणि १७ ही चित्रांसाठी, वाकाटक काळातली. ताकद उरली तर २६, तिथे डाव्या भिंतीवर बुद्धाचं महापरिनिर्वाण कोरलंय, ते मोठं शिल्प असल्यामुळे कमी दिसणाऱ्यालाही कळतं. ९ आणि १० सर्वांत जुनी, सातवाहन काळातली. आत शिरल्यावर लगेच पुढे सरकू नका. चार-पाच मिनिटं नुसतं उभं राहिलं की अंधाराला डोळे सरावतात आणि मग चेहरे वर येतात. काही चित्रं पिवळट-काळपट दिसतील. निजामाच्या राजवटीत, १९२०च्या दशकात, इटलीहून तज्ज्ञ आणून चित्रं जपायला लाखेचा लेप दिला होता, तो पुढे काळवंडला. फ्लॅशला बंदी आहे ती पाळा. मोबाइलचा टॉर्च भिंतीवर मारणारे बघितले की माझं डोकं फिरतं. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, तेव्हा आईंना बंदाचे बूट नकोत, आणि पायमोजे जवळ ठेवा.

वेरूळ त्या मानाने सोपं. कैलास, म्हणजे १६ नंबर, प्रवेशद्वारासमोरच आहे. खालचं अंगण बरंचसं सपाट. वरच्या मंडपाला पायऱ्या आहेत, त्या नाही चढल्या तरी रावण कैलास हलवतोय ते शिल्प आणि बाजूच्या भिंतीवरचे रामायण-महाभारताचे पट खालूनच दिसतात. १० नंबरला जरूर न्या, लाकडी वाशांसारखं छत दगडात कोरलंय. १२ नंबरचे तीन मजले आईंसाठी टाळा. जैन लेणी, ३० ते ३४, उत्तरेला लांब आहेत, तिकडे वाहनाने जा.

घृष्णेश्वर लेण्यांपासून जवळच आहे, पण तुम्ही सोमवारी जाणार म्हणजे गर्दी, श्रावण असेल तर विचारूच नका. आईंना दर्शन हवंच असेल तर सकाळी आधी देऊळ उरका, मग लेणी. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना सदरा-बनियन काढावं लागतं, ते माहीत असू द्या. दौलताबाद वाटेतच लागतं म्हणून गाडीवाला थांबायचा आग्रह करेल. खालून बघा आणि निघा, तो किल्ला गुडघेदुखीवाल्यांचा नव्हे.

गाडीवाल्याला आजच फोन करा, आणि बदललेले वार त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या.