बुचं टाळू की खणू?

प्रश्न : एका तळ्याकाठी पूर्वी सहलीला येणाऱ्यांची जागा होती. कित्येक वर्षं तिथे कोणी जात नाही, रान माजलं आहे. मालकाची परवानगी घेऊन मी तीन रविवार मेटल डिटेक्टर फिरवला. पिशवीभर पत्र्याची बुचं, शीतपेयाच्या डब्यांच्या कड्या आणि फॉइलचे बोळे निघाले. नाणं एकच, तेही काळं पडलेलं. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे सिग्नल वगळणारी सोय, वाढवून हा कचरा मशीनलाच गाळायला लावू का? आणि नाणं कशाने उजळवू?
– एक वाचक

उत्तर : नाण्याचं आधी सांगते, कारण त्याला घाई आहे. कृपा करून ते घासू नका. मला मिळालेलं पहिलं चांदीचं नाणं मी खड्ड्याशी बसल्या बसल्याच अंगठ्याने पुसलं. साल वाचायची उत्सुकता होती, दुसरं काही नाही. मातीतल्या वाळूच्या कणांनी चेहऱ्याच्या गालावरून तीन ओरखडे काढले. नाणं उजेडात तिरपं धरलं की ते आजही दिसतात, आणि आजही वाईट वाटतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, माती आपोआप सुटू द्या, मग मऊ कापडावर ठेवून नुसतं टिपून घ्या. चांदीवरचा काळा थर गंधकाशी झालेल्या संयोगाचा असतो, तो राहू द्या. तांब्याचं असेल तर आणखी जपा. जमिनीत मुरलेल्या तांब्यावरची अक्षरं पुष्कळदा त्या हिरव्या थरातच उरलेली असतात. थर खरवडला की साल गेलं.

आता कचरा. तो गाळू नका, खणा. तुमच्या मशीनला धातूचं नाव कळत नाही. कॉइल म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती; तिच्याखालची वस्तू वीज किती सहज वाहू देते आणि तिचा आकार केवढा, एवढ्यावरून ते आकडा दाखवतं. अॅल्युमिनिअमची कडी, सोन्याची पातळ अंगठी आणि निकेलचं छोटं नाणं यांचे आकडे इतके जवळजवळ येतात की एकाला गाळलं की बाकीची दोन्हीही जातात. सहलीच्या जागी अंगठ्या हरवतात त्या पोहताना आणि हात धुताना, म्हणजे नेमक्या तळ्याकाठी.

बुचांसाठी मात्र एक युक्ती आहे. सिग्नलवर कॉइल नेहमीसारखी हलवत हलवत हळूहळू स्वतःकडे मागे ओढा. नाण्याचा आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग थांबतो. पत्र्याचं बूच कॉइलच्या कडेशी आलं की आवाज फाटतो, खाली घसरतो. दहा-पंधरा बुचं खणलीत की कानाला हा फरक बसेल. लहान कॉइल मिळाली तर तीच लावा. कचऱ्याच्या जागी ती दोन जवळच्या वस्तू वेगळ्या ओळखते, मोठी कॉइल दोघांचा एकच गोंधळ ऐकवते.

आणि पिशवीतलं ते सगळं फेकण्याआधी नीट बघा. कडा दुमडलेलं बूच विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये पेटंट केलं, जुन्या बुचांच्या आत कॉर्कची चकती असे. डब्यापासून सुटी होणारी कडी १९६३ च्या पेटंटपासून पसरली, आणि सत्तरच्या दशकात डब्यालाच चिकटून राहणारी कडी येऊ लागली. म्हणजे सुट्या कड्या सापडताहेत तिथे लोक बहुधा साठ-सत्तरच्या दशकात बसत होते, काही देशांत त्यानंतरही. आता चांदीचा हिशेब जोडा. ब्रिटनच्या चलनातल्या नाण्यांमधून चांदी १९४७ मध्ये गेली, अमेरिकेच्या डाइम आणि क्वार्टरमधून १९६५ मध्ये. चांदीचा काळ बहुतेक कड्यांच्या आधीचा. पालापाचोळा कुजतो, गांडुळं खालची माती वर आणतात, आणि जुनं हळूहळू खाली जातं. म्हणून कड्या उचलून झाल्यावर त्याच जागेवरून पुन्हा एकदा, अगदी सावकाश, कॉइल जमिनीला समांतर ठेवून फिरा. मघाशी कड्यांच्या गोंगाटात दबलेला खोलवरचा मंद सिग्नल आता ऐकू येईल. उतारावर हा हिशेब चुकतो, तिथे माती वाहून खाली साचलेली असते.

तुम्ही सगळं मैदान विंचरताय असं पत्रावरून वाटतं. त्यापेक्षा माणसं कुठे वाकली, लोळली, कपडे बदलले ते शोधा. खिशातलं नाणं तेव्हाच पडतं. पोहण्याआधी कपडे काढून ठेवण्याची जागा, मोठ्या झाडाची दुपारची सावली, तिकिटाची खिडकी असेल तर तिच्यापुढचं पाऊलभर अंतर. मला एकदा झाडाच्या खोडात सालीने अर्धी गिळलेली लोखंडी कडी दिसली, माझ्या डोक्याच्या जरा वर. पाच-सहा पावलांवर तशाच उंचीवर दुसऱ्या झाडात तिची जोडीदार. मधे झोका होता! त्या दोन झाडांच्या मधल्या पट्ट्यात चार नाणी निघाली, सगळी हाताएवढ्या अंतरात. पुढे मी वाचनालयात त्या जागेचं जुनं पोस्टकार्ड शोधलं, त्यात झोका होताच.

मालकाची परवानगी तुम्ही घेतलीत हे फार चांगलं केलंत. ती लेखी करून ठेवा. जुन्या वस्तूंचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, ते आधी वाचा. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने खजिन्यात मोडणारी वस्तू १४ दिवसांत कळवावी लागते. संरक्षित स्मारकाच्या आवारात मात्र मशीन सुरूसुद्धा करू नका. गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उलटा आणि काम झालं की पायाने दाबून बसवा.

पुढच्या रविवारी कागदावर तळ्याचा कच्चा नकाशा काढा आणि कडी कुठे, कॉर्कवालं बूच कुठे, त्याच्या खुणा करा. खोलीही लिहा. कड्या संपून नुसती कॉर्कवाली बुचं लागतात असा एखादा कोपरा सापडला तर तिथे पूर्ण दिवस द्या, आणि काय निघालं ते मला जरूर लिहा.